मांजरपाटावरची भिंत : व्हुइयारला समोर ठेवून केलेल्या सेटच्या नोंदी

१० नोव्हेंबर

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते म्हणजे पुढे गोंधळ नको. पाऊण तासाची एकांकिका, तीन बायका आणि एक बघायला आलेला मुलगा. आई आणि तिच्या दोन मुली घरातच पिको-फॉल करतात, ब्लाऊज शिवतात, पुढची खोली हेच दुकान, हीच बैठक आणि रात्री हीच झोपायची जागा. माझ्याकडे ग्रुपच्या जुन्या आठ बाय चारच्या लाकडी चौकटी आहेत, त्यावर ताणायला मांजरपाट घ्यायचाय, आणि बजेट म्हणाल तर हसू येईल इतकं. डायरेक्टरचं म्हणणं, "ताई, साधी उबदार घरगुती भिंत कर, फिकट पिवळी, एक कॅलेंडर लाव, झालं."

तशी भिंत करायला हरकत काहीच नाही, पण स्क्रिप्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यात एदुआर व्हुइयार ठाण मांडून बसलाय. फ्रेंच चित्रकार, जन्म १८६८, आयुष्य बहुतेक सगळं पॅरिसमध्ये. वडील निवृत्त कॅप्टन, ते मुलगा पंधरा-सोळाचा असताना गेले. घर चालवलं आईने, कॉर्सेट (बायकांचे कमर आवळणारे आतले कपडे) शिवून. म्हणजे राहत्या घरातच वर्कशॉप, हाताखाली कामाला येणाऱ्या मुली, बहीण मारी त्यातच, आजीपण त्याच घरात. आईकडचे आजोबा आणि मामा कापडाची डिझाइनं करणारे. अशा घरात वाढलेल्या मुलाने आयुष्यभर भिंतीवरचे वॉलपेपर, चौकडीचे झगे, टेबलावर पसरलेले कपडे रंगवले तर त्यात नवल काय.

तो आणि त्याचा मित्र पिअर बोनार, दोघांना मिळून घरच्या जिव्हाळ्याचे चित्रकार म्हणून ओळखतात. बोनारबद्दल मला काही म्हणायचं नाही. व्हुइयारच्या बाबतीत मात्र हा जिव्हाळा वगैरे शब्द फार गोड पडतो असं माझं मत आहे आणि हा सेट म्हणजे तेच मत मांजरपाटावर मांडायचा उद्योग आहे.

१३ नोव्हेंबर

आज दिवसभर एकच चित्र मोठं करून बघत बसले. आई आणि बहीण, १८९३ चं, न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये आहे. आकाराने लहान, ४६ बाय ५६ सेंटिमीटर फक्त, कॅन्व्हासवर तैलरंग.

आई मधोमध बसलीये, काळा झगा, गुडघे फाकलेले, हात मांड्यांवर रोवलेले. बायकांनी असं बसू नये म्हणतात ना, तशी अगदी. दमलेली पण आहे आणि मालकीण पण आहे. काळ्या रंगाचा एकसंध गोळा आणि त्यातून बाहेर आलेला लालसर चेहरा आणि तेवढेच लालसर, कामाचे हात. बाकी खोलीत सगळीकडे ठिपके, रेघा, चट्टेपट्टे, फक्त आईच्या अंगावर एकही नक्षी नाही. आणि बहीण बघा. ती भिंतीला चिकटून उभी आहे, नुसती उभी नाही, कमरेत वाकलीये, जणू ताठ झाली तर चित्राच्या वरच्या कडेला डोकं आपटेल. तिचा झगा चौकडीचा आणि मागे वॉलपेपरवर बारीक ठिपके, आणि झगा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते हे कडेकडेला सांगताच येत नाही. जमीन इतकी उभी चढवलीये की मागचं ड्रॉवरचं कपाट खाली घसरेल असं वाटतं. टेबलाचा कोपरा, त्यावर बाटली, ताटली. जेवण झालंय की व्हायचंय कोण जाणे.

यात ऊब कुठाय? मला तर घुसमट दिसते. आणि गंमत अशी की घुसमट दाखवायला त्याने कोणाचा रडका चेहरा काढलेला नाही, आरडाओरडा नाही, सगळं काम वॉलपेपरकडून करून घेतलंय.

आपल्या एकांकिकेतली धाकटी ही अशीच आहे. तिला पहिल्या वीस मिनिटात एकूण चार वाक्यं आहेत. तिच्यासाठी ही भिंत.

१६ नोव्हेंबर

डायरेक्टरला लॅपटॉपवर दाखवलं. त्याचा पहिला प्रश्न रास्त होता, "भिंतीत पात्र हरवलं तर मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाने बघायचं काय?" मी म्हटलं हरवू देत ना, जरा वेळ, मग ती पुढे येते तेव्हा बघ कशी दिसते. तो हं म्हणाला. त्याच्या हं चा अर्थ नाही असा असतो हे ग्रुपमधल्या सगळ्यांना माहीत आहे.

मग मी दुसरं चित्र उघडलं आणि तिथे गडी फसला. १८९३ चंच, अमेरिकेत स्मिथ कॉलेजच्या म्युझियममध्ये असतं, एक फूट बाय सव्वा फुटाच्या आसपासचं. शिवणकामाची खोली, टेबलावर कापडं पसरलेली, आई आणि मारी कामात, आणि दाराआडून एक दाढीवाला माणूस डोकावतोय. तो केर-झाविए रूसेल, व्हुइयारचा शाळेपासूनचा दोस्त, तोही चित्रकार. त्याच वर्षी मारीचं त्याच्याशी लग्न झालं. हे लग्न जुळवण्यात व्हुइयारने स्वतः पुढाकार घेतला होता आणि पुढे ते लग्न काही सुखाचं झालं नाही, रूसेल बाहेर भानगडी करायचा. चित्रात मात्र अजून सगळं व्हायचंय. बघायला आलेला मुलगा दारात, आणि मुलगी कापडाच्या ढिगात.

"अरे ही तर आपलीच एंट्री आहे," डायरेक्टर म्हणाला. मी गप्प बसले. अशा वेळी जास्त बोलू नये.

ठरलं ते असं: तीन फ्लॅट (म्हणजे चौकटीवर कापड ताणून केलेल्या भिंती) नक्षीचे, चौथ्यात दार, दार साधं. धाकटीचे कपडे भिंतीला धरून, थोरलीचे थोडे वेगळे, आई गडद एकरंगी.

१९ नोव्हेंबर

मटेरियल. आता हे नीट लिहिते कारण कोणीतरी विचारणारच.

व्हुइयारने मोठी कामं करायला लागल्यावर तैलरंग सोडून सरसात कालवलेले रंग घेतले. जनावराच्या कातड्या-हाडांपासून काढलेला सरस गरम पाण्यात विरघळवायचा, त्यात कोरडी रंगाची पूड, आणि गरम असतानाच लावायचं. ही काही थोर कलावंतांची पद्धत नव्हती, नाटकाचे पडदे रंगवणारे पेंटर हे वापरायचे कारण स्वस्त आणि पटकन वाळतं, आणि व्हुइयार ते शिकला तेही नाटकाच्याच कामातून. पुढे त्याला हे इतकं आवडलं की १९०७ नंतर तर लहान चित्रंसुद्धा बऱ्याचदा यातच. म्हणजे एखादा माणूस आपल्या आईचं चित्र काढतोय आणि शेजारी शेगडीवर सरसाचं भांडं रटरटतंय.

याचा मोठा गुण म्हणजे वाळल्यावर अजिबात चकाकत नाही. खडूसारखं मॅट. स्टेजसाठी तर देणगीच, कारण ऑइल पेंट किंवा चकाकी असलेला कुठलाही रंग लाइटखाली आरसे मारतो.

सुतारकामाच्या दुकानात सरस मिळाला. दुकानदार म्हणे आता कोण घेतं हो हे, सगळे फेविकॉलवाले. रंग पण मुद्दाम पुड्यांचे घेतले: पिवडी, गेरू, हिरमिजी, काजळी, निळ आणि पांढऱ्यासाठी खडूची पावडर. हिरवा विकत नाही घेतला, पिवडी आणि निळीतून जो मळकट हिरवा येतो तोच पाहिजे. गणपतीचे मखर, चाळीच्या भिंती हे सगळं ज्या पुड्यांत झालं त्याच पुड्या, वेगळं काही नाही. आणि तुरटी. ती का ते पुढे.

२१ नोव्हेंबर

सरस रात्रभर भिजवला, एक भाग सरस, दहा-बारा भाग पाणी. सकाळी फुगून थुलथुलीत झालेला. पातेल्यात पातेलं ठेवून वितळवला. हे उकळू द्यायचं नाही, उकळलं की चिकटपणा जातो, बोट बुडवल्यावर चटका बसेल पण सहन होईल इतकंच गरम. वासाबद्दल काय बोलू. शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या की मटण करपलं का. आमच्याकडे मटण शिजत नाही हे त्यांना माहिती आहे म्हणून तर आल्या असणार.

रंगाची पूड आधी पाण्यात कालवून दाट पेस्ट करायची, मग गरम सरसात घालायची. मांजरपाटाच्या तुकड्यांवर नमुने काढले. ओलं असताना जो रंग दिसतो तो वाळल्यावर राहत नाही, फार फिका होतो, गेरू तर एकदम विटेवरून गुलाबीकडे येतो. म्हणून प्रत्येक मिश्रणाची पट्टी कागदावर ओढून हेअर ड्रायरने वाळवायची, वर नंबर घालायचा, आणि मगच मोठ्या कापडाला हात लावायचा. दुसरी अडचण, एका थरावर दुसरा थर देताना ब्रश जास्त घासला की खालचा रंग विरघळून वर येतो. एकदाच, हलक्या हाताने, आणि निघायचं. खोडाखोड केली तर थर साचतो, जाड पापुद्रा होतो आणि पुढे तो फुटतो. व्हुइयारच्या नंतरच्या चित्रांत असे जाड, कोरडे थर दिसतात, तो पुन्हा पुन्हा त्यावर यायचा. आपल्याकडे त्याची चैन नाही, आपला फ्लॅट टेम्पोतून जायचाय.

तुरटी: सरसात चिमूटभर घातली की तो लवकर नासत नाही आणि वाळल्यावर थोडा घट्ट पण होतो. जास्त घातली तर भांड्यातच गुठळी. नोव्हेंबर आहे म्हणून बरं, मे महिन्यात हे काम करायची माझी छाती नाही.

२५ नोव्हेंबर

आज हात थांबलेत, कापडाला पांढरा हात दिलाय तो वाळतोय, म्हणून वाचन.

व्हुइयार आणि नाटक हे प्रकरण मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा बरंच पुढचं निघालं. शाळेत त्याच्याबरोबर रूसेल, पुढे चित्रकार झालेला मोरिस दनी आणि ल्युने-पो. हा ल्युने-पो पुढे नट झाला आणि १८९३ मध्ये त्याने तेआत्र द ल'अव्र नावाची नाटकसंस्था काढली, पहिलं नाटक नॉर्वेच्या इब्सेनचं 'रोसमर्सहोम', ऑक्टोबर १८९३, बुफ द्यु नॉर थिएटरमध्ये. सेट रंगवण्यात व्हुइयार. त्याच्या आधी १८९१ मध्ये हे लोक पॅरिसच्या रू पिगाल या रस्त्यावर एका छोट्या स्टुडिओत एकत्र काम करायचे, बोनार, दनी, व्हुइयार आणि नट ल्युने-पो. संस्थेच्या कार्यक्रम-पत्रिकांची लिथोग्राफ (दगडावरून छापलेली चित्रं) पण व्हुइयारने केली.

आता तारखा जुळवून बघा. १८९३. इब्सेनच्या नाटकातला बंद दिवाणखाना रंगवणारा हाच माणूस त्याच वर्षी घरी येऊन आई आणि बहिणीचं ते चित्र काढतोय, ज्यात जमीन उभी चढलीये, एकीने सगळी जागा व्यापलीये आणि दुसरीला कोपरा पुरत नाही. मला तरी ते चित्र म्हणजे स्टेजच वाटतं. पात्रांची जागा, कोणाकडे पाठ, कोण उजेडात.

आपल्याकडे तीन भिंतींचा, दारं-खिडक्यांचा बंदिस्त सेट मराठी स्टेजवर रुजवण्याचं श्रेय १९३३ च्या नाट्यमन्वंतर या नाटकसंस्थेला देतात, आणि त्यांच्या डोळ्यासमोर हीच युरोपातली वास्तववादी नाटकं होती. म्हणजे चाळीस वर्षांनी आणि वळसा घालून का होईना, नातं लागतं. यावर जास्त ताणत नाही, फक्त डायरेक्टरने परत "हे फ्रेंच कशाला" म्हटलं तर तोंडावर फेकायला बरं.

२८ नोव्हेंबर

नक्षी ठरवली. यात सगळ्यात जास्त वेळ गेला.

पहिला विचार स्टेन्सिलचा होता, एक बूटा कापायचा आणि टकटक करत जायचं. दोन फूट केलं आणि बंद केलं, कारण स्टेन्सिलने भिंत छापील होते, सगळीकडे सारखा जोर. व्हुइयारकडे प्रत्येक ठिपका हाताने ठेवलेला, एक मोठा, एक पुसट, मध्येच एक सोडून दिलेला, लांबून वॉलपेपर वाटतो आणि जवळून नुसते ब्रशचे ठोके. त्याच्या डोक्यात पॅरिसच्या क्ल्युनी म्युझियममधल्या मध्ययुगीन टेपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं होती, ज्यात माणसं, ससे, झाडं सगळी फुलापानांनी भरलेल्या एकाच सपाट जमिनीवर असतात. आणि १८९० मध्ये पॅरिसला जपानी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन झालं होतं, त्याचा तर व्हुइयार, बोनार, दनी या सगळ्या पोरांवर परिणाम. स्वतःला नबी म्हणवायचे ते, म्हणजे प्रेषित. विशीतली पोरं, चालायचंच.

मोठ्या मापात ही नक्षी कशी चालते ते बघायला त्याची पॅनल, म्हणजे घरांच्या भिंतींसाठी केलेली मोठी चित्रं बघितली. १८९४ मध्ये अलेक्सांद्र नातांसोंच्या घरासाठी नऊ पॅनल केली, पब्लिक गार्डन्स, सात फुटाच्या आसपास उंच, सरसाच्या रंगात, त्यातली पाच आता पॅरिसच्या ओर्से म्युझियमला, बाकीची विखुरली. ती बागेची आहेत, आया आणि पोरं. मला जास्त कामाची १८९६ ची चार, डॉक्टर आन्री वाकेझच्या घरासाठी केलेली, ती पॅरिसच्या पती पाले म्युझियममध्ये आहेत. (हा वाकेझ म्हणजे रक्तातल्या लाल पेशी वाढण्याच्या आजाराला ज्याचं नाव आहे तोच. डॉक्टर मैत्रिणीला सांगितल्यावर ती माझ्यापेक्षा जास्त खूष झाली.) त्यात खोलीत बायका बसल्यात, एक शिवतेय, एक पियानोशी, आणि भिंत, गालिचा, पडदा, टेबलावरचा कपडा, सगळ्यांवर वेगवेगळी फुलं. बायका त्यात बुडाल्यात. इथे रंग जास्त मऊ आहेत आणि घर श्रीमंत आहे हे कळतं. आई-बहिणीच्या चित्रातला तणाव इथे नाही. सुंदर आहेत, पण मला ती थोडी झोपाळू वाटतात. नक्षीचं तंत्र यांच्याकडून घ्यायचं, मूड १८९३ कडून.

तर आपली भिंत: पायाला पिवडी आणि खडू, त्यावर मळकट हिरव्याचे बोटभर ठिपके, त्यात हिरमिजीचे छोटे ठोके, मधूनमधून नुसती पिवडी उघडी. ठिपके वर बारीक आणि दाट, खाली मोठे आणि विरळ, म्हणजे भिंत वरून खाली दाबतेय असं वाटेल. वाटलं तर.

२ डिसेंबर

पहिला फ्लॅट झाला. जमिनीवर आडवा टाकून, त्याच्या भोवती उकिडवं बसून. शेगडी, पातेलं, तीन डब्या गरम पाण्याच्या परातीत. रंग थंड झाला की डबीत जेली होते म्हणून दर थोड्या वेळाने परातीतलं पाणी बदला. गुडघे गेले.

३ डिसेंबर

दुसरा फ्लॅट. काल दिवसभरात जे कळलं ते आज हाताला आपोआप येत होतं, ठोका ठेवायचा आणि बघायचं पण नाही. दुपारी पोरं मदतीला आली, एकाला ठिपके दिले तर त्याने रांगेत मांडले. प्रेमाने घरी पाठवला.

७ डिसेंबर

कपडे. धाकटीसाठी चौकडीचं कापड शोधायला रविवारपेठेत फिरलो, मी आणि धाकटीचं काम करणारी मुलगी. तिला मी भिंतीचा नमुना हातात दिला होता, तुकडा मांजरपाटाचा, आणि प्रत्येक दुकानात ती तो कापडाच्या ठाणावर ठेवून डोळे बारीक करून बघायची. दुकानदाराला वाटलं मॅचिंग अस्तर हवंय. एक हिरवट-तपकिरी चौकडी मिळाली, कॉटन, ड्रेस मटेरियल, त्याचा पंजाबी ड्रेस शिवायचा. कोण शिवणार? स्क्रिप्ट लिहिणाऱ्याची आत्या, घरीच ब्लाऊज शिवते, तिच्यावरूनच बरंचसं नाटक सुचलेलं.

तिच्याकडे माप द्यायला गेलो आणि मला तिथून निघवेना. मशीन खिडकीशी, कारण उजेड. पलंगावर मापाचे ब्लाऊज, प्रत्येकाला टाचणीने लावलेली चिठ्ठी. दाराच्या मागे खिळ्याला फॉलच्या गुंडाळ्या, साडीच्या रंगानुसार. गादीखाली पेपर कटिंग. कपाटाच्या आरशावर टेप लोंबतोय. घरात पाय ठेवायला जागा म्हणजे दारापासून मशीनपर्यंतची एक वाट, त्या वाटेने सगळे चालतात, पाहुणे पण. आत्या बोलत असताना हात थांबत नव्हते आणि मान वर होत नव्हती. चहा आम्ही करून घेतला.

हेच ते. व्हुइयारच्या त्या खोल्यांकडे बघून लोक म्हणतात किती शांत, किती घरगुती. त्या खोल्यांत गिऱ्हाईकं येत होती, ऑर्डर होत्या, दिवेलागणीनंतरही काम होतं. १८९२ मध्ये त्याला घराच्या सजावटीचं पहिलं मोठं काम मिळालं, पॉल देमारे नावाच्या माणसाकडून, तेव्हाही श्रीमंताच्या घरासाठी त्याने काय रंगवलं तर त्यात दोन पॅनल शिवणाऱ्या बायकांची. त्याला दुसरं घर माहीतच नव्हतं. घर म्हणजे जिथे बायका काम करतात ती जागा.

सेटवर दारापासून मशीनपर्यंतची वाट ठेवायची, तेवढीच. डायरेक्टरला मूव्हमेंट बदलाव्या लागतील. आज नाही सांगत, उद्या सांगते.

९ डिसेंबर

सांगितलं. तासभर वाद. वाट राहिली.

रात्री झोप येईना म्हणून फोटो बघत बसले. १८९७ च्या सुमारास व्हुइयारने कोडॅक कॅमेरा घेतला आणि घरात, मित्रांकडे, सुट्टीत फोटो काढत सुटला. निगेटिव्ह धुवायचं काम बऱ्याचदा आईच करायची. किती सहज, कॉर्सेट शिवणारी बाई, हातात आणखी एक काम आलं. तो लग्न न करता तिच्याबरोबरच राहिला, ती १९२८ मध्ये गेली तेव्हा हा साठ वर्षांचा. तिची चित्रं त्याने शेकड्यांनी केली, तरुणपणीची ती ठसठशीत बाई ते खिडकीशी बसलेली वाकलेली म्हातारी.

मारीची तेवढी नाहीत. लग्नानंतर ती हळूहळू कमी होत जाते आणि तिची मुलगी आनेत, १८९८ ची, चित्रांत यायला लागते.

नोंदवह्यापण ठेवायचा तो, ४८ वह्या, पॅरिसच्या इन्स्टिट्यूट द फ्रान्सच्या लायब्ररीत. माझ्या या नोंदींना तेवढी मान्यता मिळावी अशी अपेक्षा नाही.

१२ डिसेंबर

लाइटची तालीम. हीच खरी परीक्षा आणि थोडी अडचण झाली. लाइटवाल्याने सवयीने संध्याकाळच्या सीनला अंबर जिलेटिन (दिव्यापुढचा पिवळसर पारदर्शक कागद) लावलं आणि अर्धी भिंत गायब. पिवडी आणि अंबर एकात एक, हिरवे ठिपके मातकट, सगळी मेहनत एकदम फिकट पिवळी साधी उबदार भिंत. डायरेक्टरने माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे मान वळवली, हसत होता.

मग लाइटवाल्याबरोबर बसून एकेक करून बघितलं. समोरून येणारा उजेड कमी केला, बाजूने एक स्पॉट खालच्या उंचीवर, बिनजिलेटिनचा, डिमरवर चाळीसच्या आसपास. बाजूचा उजेड आला आणि ठिपके उठले, मांजरपाटाचा पोतसुद्धा. व्हुइयारकडे रात्रीच्या खोल्यांत रॉकेलचा दिवा असतो, एकाच जागी टेबलावर, चेहरे खालून उजळलेले आणि कोपरे काळे. आम्ही मशीनवरचा छोटा दिवा खरा पेटता ठेवला. त्याचा उजेड आईच्या हातांवर आणि ब्लाऊजवर, धाकटी त्याच्या बाहेर.

आणि मग ते झालं. धाकटी उठून भिंतीशी गेली, कपाटातून फॉल काढायला, आणि तिथे नुसतं डोकं आणि दोन हात हलत होते. मागच्या रांगेत बसलेला प्रॉडक्शनवाला म्हणाला, "अरे ती कुठे गेली?" डायरेक्टर काही बोलला नाही. मी पण नाही. पण वहीत लिहायला काय जातंय.

१५ डिसेंबर

स्पर्धेतला प्रयोग झाला. टेम्पोत फ्लॅट उभेच नेले, दोरीने आवळून, मध्ये जुन्या चादरी. गुंडाळले असते तर सरसाच्या रंगाचे पापुद्रे निघाले असते, कापड वाकवायचंच नाही. एका कोपऱ्याला टेम्पोच्या फळीने खरवडलं, जागेवर ठोके मारून भरून काढलं, गरम पाण्याचा थर्मास आणि सरसाची डबी बरोबर होतीच.

तिसरी घंटा झाली आणि पडदा उघडला तेव्हा कुजबूज झाली थोडी, भिंतीमुळे. बघायला आलेला मुलगा दारात आला तेव्हा डायरेक्टरने त्याला आत न आणता तिथेच थांबवलं होतं, अर्धा दाराआड, बराच वेळ, आणि तीनही बायका कामातच. हा बदल त्याने परवा गुपचूप केलेला, मला न सांगता. त्या चित्रातून उचललेला आहे हे त्याने कबूल केलेलं नाही आणि मी विचारणार पण नाही.

परीक्षकांपैकी एकजण नंतर म्हणाले भिंत फार बोलते. दुसऱ्यांना आवडली. नेपथ्याला बक्षीस मिळालं नाही, धाकटीला अभिनयाचं उत्तेजनार्थ मिळालं. ती भिंतीपासून सुटून पुढे येते तिथे टाळी आली होती, ती तिचीच, पण पंचवीस मिनिटं तिला धरून ठेवलं कोणी?

१८ डिसेंबर

दुसऱ्या एका ग्रुपकडून फोन आला, तसलीच भिंत हवीये, पण वास नको आणि पातेली नकोत, हार्डवेअरमधलं ॲक्रिलिक डिस्टेंपर, डब्यात तयार मिळणारा भिंतीचा रंग, चालेल का. चालेल की. फरक एवढाच की डब्यातला रंग वाळला की वाळला, ओला हात फिरवला तरी विरघळत नाही, त्यामुळे एकावर एक थर बिनधास्त देता येतात आणि फ्लॅटला पाणी लागलं तरी फिकीर नाही. पण रंग झाकतो जास्त, ठोक्याच्या कडा बोथट येतात आणि सरसातल्या पुडीचा जो कोरडा भुरभुरा उजेड असतो तो येत नाही. वरून वार्निश मात्र दोन्हींवर मारू नका, सरसावर मारलं तर रंग एकदम काळवंडतात आणि मॅटपणा जातो, मग सगळ्या खटाटोपाला अर्थ नाही.

त्यांचं नाटक म्हणे मोठ्या फ्लॅटमधल्या श्रीमंत कुटुंबाचं आहे. मग त्यांना १८९३ नको, विसाव्या शतकातला व्हुइयार बघायला सांगितलाय, जेव्हा तो आर्ट डीलर हेसेल आणि त्याची बायको ल्युसी यांच्या वर्तुळात रमला आणि डॉक्टर, नट्या, बँकवाले यांची त्यांच्या त्यांच्या खोल्यांत चित्रं काढायला लागला. बऱ्याच जणांना ती चित्रं आवडत नाहीत, म्हणतात धार गेली. थोडी गेलीच आहे. पण त्यातला फर्निचरचा ढीग बघण्यासारखा असतो, माणूस कोपऱ्यात आणि टेलिफोन, फुलदाण्या, कागदपत्रं, आरसे पुढे. सेटवाल्याला त्यात भरपूर खाऊ आहे. चौकटी त्यांच्या, मांजरपाट त्यांचा, आणि पैसे यावेळी आधी.